तिसऱ्या अंकाची तालीम

वामनराव हेडमास्तरांनी आयुष्यात नऊ नाटकं लिहिली आणि नऊच्या नऊ समाजसुधारणेसाठी लिहिली. मी त्यांच्या हाताखाली दुय्यम मास्तर होतो, त्यामुळे त्यातल्या सहा नाटकांना प्रॉम्प्टरही मीच होतो. मला नाटकाची आवड होती असं कोणी समजू नये. हेडमास्तर हातात वही देऊन पडद्यामागे उभं राहा म्हणाले, तर नाही म्हणायची सोय तेव्हाच्या दुय्यम मास्तरांना नव्हती.

आमचं गाव डोणगावपासून चार मैलांवर. वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, मोठे साहेब नागपुरात बसत आणि सुधारणा आमच्या गावापर्यंत यायला फार वेळ घेई. वामनरावांना तेवढा धीर नव्हता. दारू वाईट, हे सांगणारं त्यांचं नाटक फारच रंगलं आणि त्या आनंदात नटमंडळी दोन दिवस शुद्धीवर नव्हती. हुंड्याविरुद्धच्या नाटकातल्या नायकाचं नाव तालुकाभर झालं आणि त्याला ठरला होता त्याच्या दीडपट हुंडा मिळाला. बायकांनी शिकावं, या नाटकाला बायकांना आत सोडलं नव्हतं, कारण मांडवात जागा कमी होती. प्रत्येक खेळानंतर वामनराव मला म्हणायचे, "निवृत्ती मास्तर, बी पडलंय. उगवायला वेळ लागतो." मी हो म्हणायचो आणि वही कपाटात ठेवायचो.

नववं नाटक 'संगीत उदक-न्याय'. संगीत म्हणजे शकूरभाईंची पेटी. शकूरभाई धंद्यानं शिंपी. नाटकाच्या दिवसांत पेटी वाजवायचे, पडदे शिवायचे आणि नटांची तोंडं रंगवायचे. नाटकाची गोष्ट सरळ होती. एका गावात महारांना विहिरीवर येऊ देत नाहीत. पहिल्या अंकात त्यांचे हाल, दुसऱ्यात पटकीची साथ. तिसऱ्या अंकात गावच्या पाटलाचं मन पालटतं. तो विहिरीच्या काठावर उभा राहून दोन पानांचं भाषण करतो आणि तहानेनं व्याकूळ झालेल्या सगुणा नावाच्या विधवेला म्हणतो, "घाल बाई, घाल पोहरा." ती पोहरा घालते, पाणी काढते, सगळे पाटलाचा जयजयकार करतात, पडदा.

हे कुठलं गाव, ते कोणाला विचारायची गरज नव्हती. आमची विहीर सरकारी खर्चानं बांधलेली होती आणि ती सगळ्यांना खुली असल्याचा कागदही निघालेला होता. कागद मेहकरच्या कचेरीत होता आणि विहीर आमच्याकडे होती. महारवाड्यातली चाळीस घरं दीड मैलावरच्या नाल्यात वाळू उकरून झिरा करायची आणि त्याचं पाणी प्यायची. चैत्र संपता संपता त्या पाण्याला वास यायचा. आदल्या वैशाखात पटकीनं महारवाड्यातली सात माणसं गेली. त्यात मनकर्णाबाईची सून आणि दोन वर्षांचा नातू होता. वामनरावांनी नाटक त्याच आठवड्यात लिहायला घेतलं. पुढे लोक म्हणाले, की त्यांनी ते नावासाठी लिहिलं. नावाची हौस त्यांना होतीच. पण त्या आठवड्यात त्यांच्या घरून आलेला डबा जसाच्या तसा परत जाताना मी पाहिला आहे, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

पाटलाची भूमिका खऱ्या पाटलांनीच मागून घेतली. पंजाबराव पाटील धिप्पाड माणूस, आवाज दोन शेतं पलीकडे जाणारा, आणि ऐकायला घरात कोणी तयार नाही.

"भाषन किती मोठं हाय?" त्यांनी विचारलं.

"दोन पानं," वामनराव म्हणाले.

"आनं तवर बाकीचे काय करतीन?"

"ऐकतील."

"मंग देऊन टाका थो पार्ट मले."

अडचण पुढेच होती. महारांच्या भूमिका करायला गावातलं कोणी तयार होईना. रावण करायला तिघं तयार होते, राक्षसीण करायलाही एक जण तयार होता. पण महाराचा पार्ट केला, तर उद्या सोयरीक कोण करणार, असा सवाल होता. चावडीवर बैठक भरली. बराच खल झाला आणि शेवटी पाटलांनी तोड काढली, "महाराचे पार्ट महारानंच करावं. आपल्या पोरायले कायले बाटवता?" सगळ्यांना ते पटलं. धर्माला धरून होतं.

मग दुसरी अडचण निघाली. खेळाचा मांडव मारुतीच्या देवळाच्या आवारात, आणि आवारात महार येणार कसे? त्यावर असं ठरलं, की पहिले दोन अंक आवारात करावेत. त्यात महारांचे हाल होतात, पण त्याबद्दल इतर पात्रं नुसती बोलतात, कोणी महार लागत नाही. तिसरा अंक मात्र खऱ्या विहिरीवरच करावा. शकूरभाईंना कामट्यांची आणि कापडाची विहीर बनवायची नव्हती, ते लगेच हो म्हणाले. ही तोडही धर्माला धरून होती.

मग तिसरी अडचण. विहिरीवर महार आले, की विहीर बाटणार. सगळ्यांनी भटजींकडे पाहिलं. भटजी सत्तरीचे होते आणि नाटकाचे भारी शौकीन. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ घेतला आणि सांगितलं, की तोंडाला रंग लागला की माणूस तो माणूस राहत नाही, पात्र होतो. मागं आपल्या न्हाव्याच्या पोरानं रामाचं सोंग घेतलं, तेव्हा मी, भटजी असून, त्याच्या पाया पडलो की नाही? पडलो. मग पात्राचा विटाळ नाही, आणि पात्रानं काढलेलं पाणी हे नाटकातलं पाणी. अट एकच. रंग लावल्याशिवाय कोणी काठावर चढू नये.

हा ठराव मी शाळेच्या वहीत माझ्या हातानं लिहून घेतला आहे. आपण काय ठरवून बसलो ते त्या बैठकीत कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मला भूक लागली होती.

ते लक्षात आलं मनकर्णाबाईच्या. सगुणेचा पार्ट महारवाड्यातल्या इंद्रभानला मिळाला होता. तो भजनात गायचा, आवाज गोड होता आणि लुगडं त्याला शोभायचं. पौषात पहिली तालीम झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई शाळेच्या अंगणात येऊन उभी राहिली. उंच, वाळकी बाई, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात पाहायची.

"मास्तर जी," ती वामनरावांना म्हणाली, "इंद्रभान सांगून राह्यला, का नाटकात सगुणा आनं इतर तहानलेली मंडळी असं लिवलं हाय. थे इतर म्हंजे किती?"

वामनराव खूश झाले. त्यांना नाटकाबद्दल कोणी काही विचारत नसे. "जितकी जास्त तितकं चांगलं. प्रसंगाला गर्दी हवी."

"आनं थे रिकाम्या हातानं येतीन का घागरी घेऊन?"

"घागरी हव्यातच. तहानलेले आहेत ना ते."

"मंग पाटलाचं भाषन झाल्यावर घागरी भरतीन?"

वामनरावांनी वही उघडून पाहिली. "पडदा पडेपर्यंत भरतील."

"विहिरीवर पडदा कुठं हाय?"

वामनरावांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले.

"मंग भरू आमी," मनकर्णाबाई म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अख्खा महारवाडा तालमीला आला. बाया, बाप्ये, म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं, सगळ्यांच्या हातात घागरी आणि सगळ्यांच्या तोंडाला रंग. शकूरभाईंचा सफेदा दोन दिवसांत संपला. "मास्तरसाब," ते मला म्हणाले, "इतके तोंडं तं मी उरसातबी एका जागी पाह्यले नाई." मग लोक घरूनच रंग लावून येऊ लागले. कोणी हळद, कोणी गेरू, कोणी नुसती चुलीतली राख. एका म्हातारीनं दोन्ही गालांवर गेरूच्या तीन-तीन रेघा ओढल्या होत्या आणि ती फार गंभीर चेहऱ्यानं पाटलांचं भाषण ऐकत होती. मी हसलो.

मनकर्णाबाईनं ते पाहिलं. "हासा मास्तर, हासा," ती म्हणाली. "झिऱ्याचं पानी पेऊन माहा नातू गेला, तवा त्याच्या तोंडाले काईच रंग नोता."

मला तोंड लपवावंसं वाटलं. त्यानंतर मी विहिरीवर कधी हसलो नाही. आता सांगतोच आहे तर हेही सांगतो: तालीम सुरू झाल्यावर माझ्या बायकोनं सरकारी विहिरीचं पाणी बंद केलं आणि ती पाटलांच्या मळ्यातून पाणी आणू लागली. मी तिला काही बोललो नाही. प्रॉम्प्टर असूनही बोललो नाही. आठ दिवसांनी तिची कंबर धरली आणि ती मुकाट्यानं पुन्हा जवळच्या विहिरीवर जाऊ लागली.

तालमीची रीत ठरून गेली. पाटील काठावर चढायचे, घसा साफ करायचे आणि भाषण सुरू करायचे. पाणी देवाचं आहे, नदी कोणाची जात विचारत नाही, ज्यानं तहानलेल्याला पाणी नाकारलं त्यानं देवाला दारातून हाकललं, असं ते भाषण होतं. मी खाली बसून वहीतून शब्द सुचवायचो. भाषण संपलं, की इंद्रभान पोहरा घालायचा, मग 'इतर' पोहरे घालायचे, चाळीस घरांच्या घागरी भरायच्या आणि निघताना सगळे मिळून पाटलांचा जयजयकार करायचे. जयजयकार वहीत लिहिलेलाच होता. पंजाबराव पाटलांचा असा जयजयकार याआधी कधी झालेला नव्हता. ते वेळेआधी येऊन थांबू लागले.

पंधरा दिवसांनी मनकर्णाबाई त्यांना म्हणाली, "पाटील जी, तुमचा आवाज सकाळच्या पारी अजून मोकळा लागीन." तेव्हापासून तालीम दोन वेळा होऊ लागली.

मग तिनं आणखी एक केलं. एकदा पाटील भाषणाच्या मध्येच अडकले आणि मी शब्द सुचवायच्या आत त्यांनी आपल्या पदरचं वाक्य घातलं. त्यांच्या आज्यानं दुष्काळात वाटसरूंना ताक पाजलं होतं, अशा अर्थाचं. तालीम संपल्यावर मनकर्णाबाई म्हणाली, "ताकाची गोठ लय भारी सांगतली जी. पुऱ्या नाटकात तशी गोठ नाई." दुसऱ्या दिवशी ताक परत आलं. पाठोपाठ पाटलांच्या बैलांची जोडी आली, चुलत्याशी चाललेला बांधाचा तंटा आला, बुलडाण्याला एकदा साहेबांनी त्यांना खुर्ची दिली होती ती खुर्ची आली. दोन पानांचं भाषण पाऊण तासावर गेलं. मूळ भाषण पाठ व्हायचं राहूनच गेलं.

वामनरावांचे फार हाल झाले. ते विहिरीशेजारच्या दगडावर बसून असायचे आणि दर नव्या वाक्याला त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं कोणी त्यांच्या पायावरून गाडी नेली. "माझ्या नाटकात खुर्ची कुठून आली, निवृत्ती मास्तर?" ते मला विचारायचे. मी म्हणायचो, बुलडाण्याहून.

फाल्गुनात अकोल्याहून पत्र आलं. तिकडे भगवंतराव म्हणून एका साप्ताहिकाचे संपादक होते. वामनराव त्यांना सात वर्षं दर नाटकाचं आमंत्रण पाठवत होते आणि त्यांचं उत्तर आलं ते पहिल्यांदाच. विषय महत्त्वाचा आहे, हनुमान जयंतीच्या खेळाला जातीनं येतो, असं लिहिलं होतं. वामनरावांनी ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. पुढच्या वर्षी त्यांना पेन्शन होती. आमच्या तालुक्याबाहेरच्या एकाही माणसानं त्यांचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. ते वर्गात शिकवताना मध्येच खिशावर हात ठेवून पाहायचे, पत्र आहे ना म्हणून.

खेळ हनुमान जयंतीला, दिवसा तीन वाजता, असं पक्कं झालं. रात्री केला, तर संपादकांना परतीची मोटार नव्हती. वामनरावांनी पाटलांच्या घरी जाऊन त्यांना मूळ दोन पानं पाठ करायला बसवलं. अकोल्याच्या पेपरात नाव छापून येणार म्हटल्यावर पाटलांनी ती चार दिवसांत पाठ केली.

त्याच सुमारास एकदा भाषण झाल्यावर कोणीतरी पाटलांना विचारलं, "खेळ झाल्यावर विहिरीचं कसं?"

"कसं म्हंजे? खेळ झाला का रंग पुसला. मंग ज्याचं थे त्याले," पाटील म्हणाले. त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. उद्या सोमवार आहे असं सांगावं तसं म्हटलं. काठाखाली महारवाडा घागरी भरत होता आणि सगळ्यांनी ते ऐकलं.

खेळाच्या तीन दिवस आधी मनकर्णाबाई पुन्हा शाळेच्या अंगणात आली. शाळा सुटली होती. मी पाट्या आवरत होतो, वामनराव खुर्चीत बसून संपादकांच्या स्वागताचे चार शब्द लिहीत होते.

"मास्तर जी, खेळ पुढं ढकला," ती म्हणाली.

"का?"

"पुढं वैशाख हाय, जेठ हाय. झिऱ्यात आताच हात भिजत नाई. खेळ झाला का आमी पानी कुठून आनाव?"

वामनरावांनी टाक खाली ठेवला. ते महारवाड्यातल्या माणसांनाही अहोजाहो करत, गावात ते एकटेच. "मनकर्णाबाई, तुम्ही जरा समजून घ्या. हे नाटक लोकांची मनं बदलण्यासाठीच लिहिलंय. तिसरा अंक पाहिल्यावर कोणाची छाती होणार आहे तुम्हाला अडवायची?"

"आनं मनं नाई बदलले तं?"

"बदलतील. नाटकाची ताकद तुम्हाला ठाऊक नाही."

मनकर्णाबाई म्हणाली, "पाटील तीन महिन्यापासून रोज दोन खेप म्हनून राह्यला, का पानी देवाचं हाय, नदी जात पुसत नाई. त्याच्या सोताच्या तोंडानं म्हनून राह्यला. त्याचंच मन बदललं नाई. तं पाहनाऱ्याचं एका दुपारात कसं बदलीन?"

वामनरावांनी टाक उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. बरंच काही बोलता आलं असतं. त्यांनी आठ नाटकांच्या प्रस्तावना लिहिल्या होत्या.

"भगवंतराव अकोल्याहून यायचे आहेत," शेवटी ते म्हणाले.

"येऊ द्या. त्याईले पानी पाजू," ती म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

ती गेल्यावर वामनराव माझ्यावर चिडले. अडाणी बाई आहे, नाट्यकला म्हणजे काय हे तिला कळत नाही, असं म्हणाले. मी हो म्हणालो. मग म्हणाले, तुम्ही प्रत्येक गोष्टीला हो का म्हणता? त्यावरही मी हो म्हणालो.

हनुमान जयंतीला भगवंतराव आले. सोनेरी काडीचा चष्मा, हातात छत्री, खिशात शिसपेन्सिल. पाटलांची दमणी त्यांना डोणगावहून घेऊन आली. गाव लोटलं होतं. पहिले दोन अंक देवळाच्या आवारात झाले. दुसऱ्या अंकात पटकीची साथ आली, तेव्हा बाया पदर तोंडाला लावून रडल्या. शकूरभाईंच्या पेटीचे दोन सूर मुके होते, तेही त्या दिवशी कोणाला कळले नाहीत. मग सगळं गाव आपापल्या सतरंज्या उचलून विहिरीवर गेलं. महारवाडा रंग लावून, घागरी घेऊन, पलीकडच्या अंगाला उभा होता. कोणी आवाज करत नव्हतं. मनकर्णाबाई पुढे होती आणि तिच्या तोंडाला त्या दिवशी राख होती.

पाटील काठावर चढले. मी वही उघडून खाली बसलो, वामनराव माझ्या शेजारी उभे राहिले. पाटलांनी भाषण सुरू केलं.

मी सहा नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं आहे. पडद्यामागून नाटक पाहिलं, की माणसाला नाटकाचा राग येतो, कारण कोण कुठं घसरणार ते आधीच ठाऊक असतं. त्या दिवशी कोणी घसरलं नाही. ताक आलं नाही, बैल आले नाहीत, खुर्ची आली नाही. वामनरावांनी लिहिलेली दोन पानं, लिहिली तशी, त्या आवाजात गावावरून गेली. ज्यानं तहानलेल्याला पाणी नाकारलं त्यानं देवाला दारातून हाकललं, हे वाक्य आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि मी ते वाक्य तोवर दोनशे वेळा ऐकलं होतं. भटजी डोळे पुसत होते. भगवंतरावांची पेन्सिल थांबली होती, ते नुसते पाहत होते. इंद्रभान दोर हातात घेऊन उभा होता. एकच वाक्य उरलं होतं. पाटलांनी हात पुढे केला आणि ते म्हणाले, "घाल बाई—"

"थांबा," वामनराव म्हणाले.

आधी कोणाला कळलंच नाही. ते माझ्या शेजारून निघाले आणि काठावर पाटलांजवळ जाऊन उभे राहिले. त्यांच्या अंगावर ठेवणीतला कोट होता.

"थांबा. हे चुकतंय," ते म्हणाले. "तिसरा अंक अजून बसलेला नाही. आजचा खेळ इथंच बंद. उद्यापासून पुन्हा तालीम."

वही माझ्या हातात होती. एक अक्षर चुकलं नव्हतं. मला त्या माणसाचा इतका राग आला, की मी उठून उभा राहिलो. आणि उभा राहिल्यावर मला समोर मनकर्णाबाई दिसली, आणि मग ते काय करत होते ते कळलं. मी पुन्हा खाली बसलो. त्या माणसाइतका अभिमान मला पुढे आयुष्यात कोणाचाच वाटला नाही.

पाटील संतापले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "काय चुकलं? सांगा काय चुकलं! काना-मात्रा सुटली नाई माही!"

"तुमचं काही चुकलं नाही, पाटील," वामनराव म्हणाले. "माझं चुकलं. तुमच्यासारख्या माणसाला दोन पानं कमी पडतात. मी आणखी चार पानं लिहितो. ताकाची गोष्ट त्यात यायलाच हवी."

पाटलांनी विचार केला. "आनं खुर्ची?"

"खुर्चीसुद्धा," वामनराव म्हणाले.

भगवंतराव उठून पुढे आले. "अहो, पण उत्तम चाललं होतं," ते म्हणाले. "शेवट तरी होऊ द्या. मी इतक्या लांबून आलो आहे."

"तुम्हाला उत्तम वाटलं असेल. लेखकाला आपला दोष कळतो," वामनराव त्यांच्याकडे न पाहता म्हणाले. संपादकांनी घड्याळ पाहिलं, छत्री उचलली आणि ते दमणीत जाऊन बसले. मोटार चुकेल म्हणून गाडीवानानं बैल जोरात हाकले. दमणी वळणाआड गेली तशी वामनरावांनी टाळी वाजवली. "चला, उजेड आहे तोवर एकदा तालीम करून घेऊ. पाटील, शेवटच्या वाक्यापासून." पाटील म्हणाले, घाल बाई, घाल पोहरा. इंद्रभाननं पोहरा घातला. मग चाळीस घरांनी घागरी भरल्या, जयजयकार झाला आणि गाव सतरंज्या झटकून घरी गेलं. वामनरावांचं डोकं फिरलं, असं गावाचं मत पडलं, आणि ते पुढेही कायम राहिलं.

त्या उन्हाळ्यात डोणगावकडून पटकी आली. महारवाड्यात एकही माणूस दगावला नाही. तालीम त्या सालीही संपली नाही आणि पुढच्या सालीही नाही. वामनरावांची पेन्शन झाली, तरी ते गाव सोडून गेले नाहीत, भाषणाला आणखी चार, मग आणखी चार पानं लिहीत राहिले. लोकांच्या तोंडावरचा रंग मात्र हळूहळू कमी होत गेला. आधी गालावर दोन बोटं, मग कपाळाला गेरूचा टिपका. तोही कोणत्या दिवशी गेला ते गावात कोणालाच सांगता येत नाही, कारण त्या दिवशी कोणी पाहिलंच नाही.

पण ते नंतरचं. त्याच वैशाखात, खेळ बंद पाडल्याला पंधरा दिवस झाल्यावर, अकोल्याचं साप्ताहिक टपालानं आलं. सकाळची तालीम चालू व्हायची होती. वामनरावांनी दगडावर बसून ते उघडलं आणि वाचलं. मग माझ्याकडे दिलं. अर्धा रकाना होता. नाटक अत्यंत कच्चे, लेखकाला नाट्यरचनेचे ज्ञान नाही, ऐन रंगाच्या वेळी खेळ बंद पाडून त्याने प्रेक्षकांचा अपमान केला, अशा गृहस्थाने यापुढे लेखणीला विश्रांती द्यावी. नाव पूर्ण छापलं होतं, शाळेसकट.

मनकर्णाबाई घागर काखेत घेऊन समोर उभी होती. "काय लिवलं जी त्यात?" तिनं विचारलं.

"नाटक वाईट आहे म्हणून लिहिलंय," वामनराव म्हणाले. "आणि मी यापुढे लिहू नये, असं."

तिनं कागदाकडे पाहिलं. "त्यानं तं अर्धंच पाह्यलं," ती म्हणाली. "आमाले पुसा म्हना त्याले. आमी रोज पुरं पाह्यतो. लय चांगलं नाटक हाय जी."

वामनराव दगडावरून उठले. ते मला म्हणाले, निवृत्ती मास्तर, पाटलांना सांगा, सुरुवातीपासून. पण त्यांचा आवाज नीट निघाला नाही, म्हणून पाटलांना ते मी मोठ्यानं सांगितलं.